चाके की सुटे भाग? फिरत्या दुर्बिणीचा मागोवा

वसईगावातल्या होळी भागासारख्या दाट वस्तीतून दहा इंची आरशाची दुर्बीण बाहेर काढायची म्हटली की आधी चाकांची गाडी सुचते. नळी आणि बैठक मिळून वजन तीसेक किलोंपर्यंत जाते, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण अंधार हवा तर दिव्यांपासून लांब जावे लागते आणि तिथला शेवटचा टप्पा वाळूचा, बांधाचा नाहीतर पायवाटेचा असतो. तिथे लहान चाके रुततात. म्हणून मोठी दुर्बीण अखंड ढकलण्यापेक्षा एकट्याला उचलतील अशा भागांत सुटी करावी, असे माझे मत आहे. मागे वळून पाहिले तर त्याला आधारही सापडतो.

पुण्यातली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १८८८ची. तिची वीस इंची दुर्बीण पक्क्या बैठकीवर होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकनालला गेली. याउलट २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला चक्क चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले. तो अखंड आणायचाच नव्हता. पाच इंची भिंग आणि छायाचित्राची काचेची तबकडी सरकवणारे घड्याळी यंत्र बरोबर आणायचे, मनोरा आणि नळी जागेवर उभारायची. सूर्यामागे नळी फिरवण्याऐवजी तबकडीच सरकत असल्याने अवजड फिरत्या बैठकीची गरज उरली नाही. हाच कॅमेरा १८९३ मध्ये चिलीत वापरला गेला होता, १९०१ मध्ये सुमात्रात. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जॉन डॉबसन यांनी प्लायवुडच्या साध्या पेटीत मोठ्या आरशाची नळी बसवून दुर्बीण फुटपाथवर आणली, आणि नंतरच्या कारागिरांनी तिच्या बंद नळीच्या जागी सुटे होणारे दांडे लावले.

सुटे भाग जोडताना आरसे पुन्हा जुळवावे लागतात, वेळ जातो, हा आक्षेप खराच. पण गाडीवर खडबडीत वाटेने हादरे बसले तरी जुळणी तपासावी लागतेच. शिवाय घरातून आणलेला आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईपर्यंत प्रतिमा थरथरते. जोडणीचा वेळ त्या प्रतीक्षेतच सामावतो. अंधारात स्क्रू गवतात हरवतात, हीसुद्धा खरी अडचण. त्यासाठी दांड्याला कायम अडकून राहणारे, हाताने फिरणारे स्क्रू लावावेत. शाळेच्या फरसबंद पटांगणात मुलांची रांग लागलेली असेल, तर मात्र मी चाकेच निवडीन. तिथेही चाके हवा भरलेली, मोठी असावीत, आणि पाहताना दुर्बिणीचा भार त्यांच्यावर न राहता जमिनीवर टेकलेल्या पायांवर यावा, नाहीतर प्रत्येक स्पर्शाला शनीची कडी हलत राहतील.