ड्रॉइंगवरील माप : एकदाच, पण नि:संदिग्ध

५ डिसेंबर २००३ रोजी टोकियो डिस्नेलँडमधील ‘स्पेस माउंटन’ या रोलर कोस्टरची गाडी फेरी संपत असतानाच रुळावरून घसरली. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. गाडीचा एक आस, म्हणजे ॲक्सल, तुटला होता. धातू निकृष्ट असावा किंवा देखभालीत कुचराई झाली असावी, असा तर्क कोणीही केला असता. चौकशीतून मात्र वेगळेच कारण पुढे आले. दोष होता तो एका जुन्या ड्रॉइंगमध्ये.

या गाडीच्या आसांची मापे १९९५ मध्ये मेट्रिक पद्धतीत बदलण्यात आली होती. त्यानुसार आसाचा व्यास ४५ मिलिमीटर असायला हवा होता. परंतु २००२ मध्ये नवे आस मागविताना बदलापूर्वीचेच ड्रॉइंग वापरले गेले आणि ४४.१४ मिलिमीटर व्यासाचे आस तयार होऊन आले. फरक होता अवघा ०.८६ मिलिमीटर. आस आणि बेअरिंग यांच्यात सुमारे ०.२ मिलिमीटर फट अपेक्षित असताना ती एक मिलिमीटरहून अधिक झाली. त्यामुळे आसावर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त ताण आणि कंप आले आणि अखेर तो तुटला. कारागिराने काम चोख केले होते. त्याच्या हाती आलेले माप चुकीचे होते.

कागदावर काढलेली आकृती वस्तूचे रूप सांगते, तर मापे तिचा आकार ठरवितात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, कोल्हापूर किंवा नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतील लहान वर्कशॉपमध्ये मोठ्या कारखान्याचे ड्रॉइंग येते, तेव्हा ते काढणारा अभियंता समोर नसतो. लेथवर उभा असलेला कामगार त्याला शंका विचारू शकत नाही. कागदाचे आकारमान छपाईत किंवा झेरॉक्समध्ये बदलू शकते, त्यामुळे आकृतीवर पट्टी ठेवून माप काढणेही निषिद्ध मानले जाते. म्हणजे जे लिहिले आहे तेवढेच खरे. लिहिलेल्याचे दोन अर्थ निघाले आणि जॉब नाकारला गेला, तर साहित्य आणि श्रम दोन्ही वाया जातात. तो भुर्दंड कोणी सोसायचा, यावरून वाद होतो तो वेगळाच.

रेषांची शिस्त

माप लिहिण्याच्या पद्धतीला ठरलेले व्याकरण आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ११६६९ हे मानक १९८६ मध्ये आले. शाळा-महाविद्यालयांसाठी ‘एसपी ४६’ ही पुस्तिका १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. वस्तूची बाह्यरेषा जाड, तर मापाच्या रेषा बारीक काढायच्या, हा पहिला नियम. वस्तूच्या कडेपासून दोन बारीक रेषा बाहेर काढल्या जातात आणि त्यांच्या दरम्यान मापरेषा येते. तिच्या दोन्ही टोकांना बाण असतात. बाणाची लांबी त्याच्या रुंदीच्या साधारण तिप्पट ठेवण्याचा प्रघात आहे. शक्यतो मापे आकृतीच्या बाहेर असावीत, मापरेषांनी एकमेकींना छेदू नये आणि लहान माप आकृतीजवळ, तर मोठे माप त्याच्या पलीकडे असावे. तुटक रेषेने दाखविलेल्या, म्हणजे न दिसणाऱ्या कडेवर माप देणे टाळून ती कड स्पष्ट दिसते त्या दृश्यात किंवा छेददृश्यात ते द्यावे.

व्यासासाठी तिरकी रेघ मारलेले वर्तुळ आणि त्रिज्येसाठी रोमन ‘आर’ हे अक्षर आकड्यापूर्वी लिहितात. सर्व मापे मिलिमीटरमध्ये असतील तर एकक प्रत्येक आकड्यापुढे न लिहिता एकदाच टीप दिली जाते. आपल्याकडे ही टीप अधिकच महत्त्वाची ठरते. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली असली, तरी वर्कशॉपच्या बोलीत ‘सूत’, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अजून टिकून आहे.

माप कोठून मोजायचे?

कोणतेही माप यंत्रावर तंतोतंत साधत नाही. म्हणून मापात किती कमी-जास्त चालेल हे ‘टॉलरन्स’ने सांगितले जाते. एका पट्टीवर ओळीने पाच भोके पाडायची आहेत, असे समजा. पहिले भोक डाव्या कडेपासून २० मिलिमीटरवर आणि पुढचे प्रत्येक भोक मागच्या भोकापासून २० मिलिमीटरवर. प्रत्येक मापाला अधिक-उणे ०.१ मिलिमीटरची सूट आहे. साखळीसारखी मापे दिली तर ही सूट साठत जाते. पाचवे भोक कडेपासून ९९.५ ते १००.५ मिलिमीटरमध्ये कोठेही पडू शकते आणि तरीही कामगाराने एकही नियम मोडलेला नसतो.

हीच मापे डाव्या कडेपासून २०, ४०, ६०, ८० आणि १०० अशी दिली, तर पाचवे भोक ९९.९ ते १००.१ या मर्यादेतच राहते. मात्र लगतच्या दोन भोकांमधील अंतरात आता ०.२ मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. बोल्ट बसण्यासाठी नेमके तेच अंतर मोलाचे असेल, तर ते थेट द्यायला हवे. तो भाग काय काम करणार आहे, हे ठाऊक असल्याशिवाय माप कोठून द्यायचे हे ठरविता येत नाही.

तीच गोष्ट पुनरुक्तीची. ४० आणि ६० ही मापे देऊन शिवाय एकूण १०० हेही दिले, तर वरवर पाहता वाचणाऱ्याची सोय होते. पण तिन्ही मापांना अधिक-उणे ०.१ची सूट असेल, तर ४०.१ आणि ६०.१ ही दोन्ही मापे बरोबर ठरतात आणि त्यांची बेरीज १००.२ चूक ठरते. म्हणून एक माप एकदाच द्यावे, आणि केवळ माहितीसाठी द्यायचे असेल तर ते कंसात लिहावे, असा दंडक आहे.

संगणक आला तरी

संगणकावर ड्रॉइंग काढताना एका क्लिकसरशी माप उमटते. त्यामुळे रेषा सुबक झाल्या, हे खरेच. पण कोणती कड आधार मानायची आणि किती सूट द्यायची, हा निर्णय काढणाऱ्याचाच राहतो. विनाकारण कडक टॉलरन्स दिला, तर लेथवर संपणारे काम ग्राइंडिंगपर्यंत जाते आणि खर्च वाढतो. तो दिलाच नाही, तर तयार भाग एकमेकांत बसतील याची शाश्वती राहत नाही.

टोकियोच्या अपघाताने शिकविलेला धडा ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील लहानशा तक्त्याशी निगडित आहे. काय बदलले, कधी बदलले आणि कोणी मान्य केले, याची नोंद त्या तक्त्यात होते. माप बदलताच ही नोंद झाली पाहिजे आणि जुन्या प्रती वर्कशॉपमधून व खरेदी विभागातून काढून घेतल्या पाहिजेत. टोकियोत नवे माप कागदावर सात वर्षांपूर्वीच आले होते. जुना कागद तेवढा वापरातून गेला नव्हता.