तारखेचा रकाना

शेजारच्या काकूंचं अमेरिकेतलं पहिलंवहिलं मत बाद झालं, म्हणून मी मतमोजणी बघायला गेले. एप्रिल २०२४ची पेनसिल्व्हेनियातली प्रायमरी. टपालाने मत पाठवायचं, तर लिफाफ्यावर सही आणि शेजारी त्या दिवसाची तारीख लिहायची. काकूंनी लिहिली जन्मतारीख. फॉर्म दिसला की हात आपसूक तिकडेच वळतो.

मुख्य निवडणूक ५ नोव्हेंबरला, मंगळवारी. सकाळी सातला मी एका काउंटीच्या गोदामात कठड्याच्या अलीकडे उभी होते. सातच्या आत एकही लिफाफा फोडायचा नाही, असा कायदा. आपल्याकडे अख्ख्या देशाची निवडणूक एक आयोग घेतो. इथे एका राज्यात ६७ काउंट्या, आणि लिफाफ्यावर चूक दिसली तर मतदाराला कळवायचं की नाही, हेसुद्धा तेव्हा काउंटीगणिक बदलायचं. यंत्रं खडखडायला लागली तसा डिंकाचा आणि करपलेल्या कॉफीचा वास एकदमच नाकात शिरला.

बाहेरचा लिफाफा फाडायचा, आतला बिननावाचा बाजूला काढायचा, म्हणजे नाव एकीकडे आणि मत एकीकडे. आतला नसेलच तर मतपत्रिका ‘नागडी’ म्हणून बाद.

माझी नजर मात्र एकाच टेबलावर खिळलेली. निवृत्त स्कूलबस चालक बाई, बोटाला रबरी टोपी. घडी पडलेली मतपत्रिका त्या टेबलाच्या कडेवर उलटी घासून सपाट करायच्या, नाहीतर स्कॅनर अडतो. कुणाला मत दिलंय याकडे डोळा जात नव्हता. सगळं लक्ष घडीवर. पानामागून पान, घाई म्हणून नाही. सुट्टीत त्यांना विचारलं, हे कंटाळवाणं काम का करता?

“पाचशे सदतीस,” त्या म्हणाल्या. “तेव्हा मी फ्लोरिडात होते. दिवसभर बस चालवली, म्हटलं माझ्या एका मताने काय होतंय.”

२००० साली फ्लोरिडात साठेक लाख मतं पडली, जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि तेवढ्यावर अध्यक्ष झाले. हे रोज घडत नाही. राज्यात ज्याला जास्त मतं, त्याला बहुतेक ठिकाणी तिथली सगळी इलेक्टोरल मतं, पेनसिल्व्हेनियाची १९. म्हणूनच २०१६मध्ये हिलरी क्लिंटन देशभरात २८ लाखांहून जास्त मतांनी पुढे असूनही हरल्या. कॅलिफोर्नियात निकाल आधीच ठाऊक असतो, तरी लोक रांगा लावतात, तेही १८४५च्या कायद्याने ठरलेल्या मंगळवारी, ज्याची देशभर सुट्टी नसते. फायद्यातोट्याच्या हिशेबात हे बसत नाही. बाईंचा हिशेब वेगळा होता: हरलो तरी चालेल, पण मोजणीत नव्हतो असं पुन्हा व्हायला नको.

भिंतीपाशी एक करडा क्रेट होता. तारीख नसलेले, चुकलेले लिफाफे त्यात. खरं तर लिफाफा मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पोचला की नाही, एवढाच प्रश्न. आणि तो कधी आला याची नोंद कार्यालय बारकोडवरून स्वतःच करतं. मग मतदाराने लिहिलेल्या तारखेचा उपयोग काय? “कायद्यात आहे,” पर्यवेक्षक म्हणाले. माझ्या मते तो रकाना निव्वळ सापळा होता, आणि त्यात अडकायचे ते पहिल्यांदा मत देणारे आणि म्हातारीकोतारी. क्रेट फार मोठा नव्हता. ५३७ लिफाफे त्यात सहज मावले असते.

ही काउंटी निदान कळवणाऱ्यांपैकी. दुपारी एक तरुण यादी घेऊन फोन लावत होता: तुमचं मत धरलं जाणार नाही, आठच्या आत मतदान केंद्रावर या, तात्पुरती मतपत्रिका मिळेल. कुणी कामावर होतं, कुणी फोन उचललाच नाही. येतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो बजावत होता, तात्पुरत्या मतपत्रिकेच्या लिफाफ्यावर सह्या दोन जागी करायच्या असतात, एक राहिली तर तेही मत बाद.