खांद्याच्या मागे

सकाळचे साडेसहा. सिंहगडाचा माथा धुक्यात आहे आणि रिंगणातली वाळू दवानं गडद झाली आहे. तारा फाटकातच अडून उभी आहे. पुढचे दोन्ही पाय रोवलेले, मान ताठ. मारवाडी घोड्याचे कान आत वळलेले असतात, टोकाला टोक भिडून डोक्यावर कमान होते. आत्ता ती कमान मोडली आहे, दोन्ही कान मागे पडलेत. तिची नजर माझ्या हातातल्या चाबकावर आहे.

काका मात्र तिच्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.

"चाबूक तिथं कुंपणाला टेकवून ठेवा. आज तो लागणार नाही."

काकांची सारी नोकरी लष्करात घोड्यांबरोबर गेली. मी त्यांना बोलावून आणलंय, कारण गेले दोन महिने तारा दोरावर फिरत नाही. लांब दोर लावून घोडा आपल्याभोवती गोल फिरवायचा, याला तबेल्यात सगळे लंजिंग म्हणतात. पाठीवर स्वार नसताना घोड्याचं अंग मोकळं होतं, चाल सुधारते, बोललेलं ऐकायची सवय लागते. तारा दीड फेरी मारते, थांबते, गर्रकन वळून तोंड माझ्याकडे करते. हाकलली तर पुढचे पाय उचलते आणि उलट्या दिशेनं सुटते. गेल्या आठवड्यात दोर हातातून असा सरकला की तळव्याची साल निघाली. हातमोजे घातले नव्हते, ती चूक माझीच. सईस पोरगा म्हणतो, "माजलीय ती." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं.

काका माजाबद्दल काहीच बोलत नाहीत. दोन बोटं तिच्या कण्याच्या बाजूनं दाबत खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत नेतात. चारही खूर उचलून बघतात. फरशीवर सरळ चालवून मान कुठल्या पावलाला झुकते का, ते पाहतात. दातांचं काम रविवारीच झालंय. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यानं वरच्या दाढांना बाहेरून धारदार कड येते. ताराच्या गालाला आतून चरा पडला होता. डॉक्टरांनी कड कानशीनं घासून दिली. म्हणून आज तोंडात लगाम नाही, दोर नाकावरच्या पट्ट्याच्या कडीत अडकवलाय. दोन महिने मी त्या चऱ्यावरच दोर ओढत होते, हे डोक्यातून जात नाही.

काका तिला आत घेतात. दोर जेमतेम हातभर. ते तिच्या खांद्याशी चालतात आणि थांबतात. मग जिथं स्वाराची टाच लागते, तिथं बरगडीवर एक बोट टेकवतात. तारा हलत नाही. बोट तसंच, जोर वाढत नाही, कमीही होत नाही. सईस पोरगा माझ्या शेजारी श्वास रोखून उभा आहे. ताराची कातडी माशी बसल्यासारखी थरथरते. मग मागचा पाय एक पाऊल पलीकडे पडतो आणि त्याच क्षणी बोट बरगडीवरून सुटलेलं असतं.

"बोट कधी उचललं, तेवढंच तिला कळतं," काका म्हणतात. "ती तोंड फिरवून तुमच्याकडे यायची, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

मी आठवते. चाबूक खाली करायचे. दोर गोळा करत तिच्याजवळ जायचे, मानेवर हात फिरवायचे, पट्टा नीट करायचे, मग पुन्हा बाहेर पाठवायचे. म्हणजे वळलं की अर्धं मिनिट विसावा. दोन महिने रोज मी तिला नेमकं हेच शिकवत आले. ती हट्ट करत नव्हती. शिकवलेला धडा चोख म्हणून दाखवत होती.

सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, तापीकाठी तिला पहिल्यांदा पाहिलं तो दिवस आठवतो. सोबतच्या जाणत्या माणसांनी अंगावरचे भोवरे मोजले, रंग पाहिला. मालकानं रेवाल चाल दाखवली, तीही मोकळ्या पट्ट्यात, सरळ. दोरावर ती कशी फिरते हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दोर आता दोन हात, मग चार. काका तो तळव्यात घड्या घालून धरतात, हाताला वेढा कधीच नाही. घोडा उधळला तर वेढ्यात सापडलेली बोटं तुटतात. तारा डाव्या अंगानं फिरू लागते. कुंपणाला टेकलेल्या चाबकापाशी आली की आत दबते आणि पुढे गेली की पुन्हा बाहेर जाते. काका तिला दबू देतात.

"आता माझ्या पायाकडे बघा."

त्यांचं डावं पाऊल वीतभर डावीकडे सरकतं, बस. दोर हललेला नाही, आवाज नाही. ताराचा आतला कान त्यांच्याकडे वळतो, खांदा जड होतो, ती थांबते. काका पाऊल मागे घेतात, तिच्या खांद्याच्या मागे येतात. ती चालू लागते. पुन्हा तेच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची पट्टी सोडली, तर भोवतालचं जवळजवळ सगळं त्याला दिसतं. खांद्याच्या पुढे आलेला माणूस म्हणजे तिच्या लेखी बंद झालेलं दार.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा मारून गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं 1907 साली बारकाईनं तपासलं, तेव्हा उलगडलं की उत्तराची टाप पडताच विचारणाऱ्याचं डोकं नकळत जरासं हलायचं आणि हान्स तेवढं टिपून थांबायचा. विचारणाऱ्यांना स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. ही गोष्ट मी वाचली होती. पण घोडा आपल्यालाही इतका निरखतो, हे आज अंगावर येतं.

"घ्या," म्हणून काका दोर माझ्या हातात देतात. हातमोजे आधी घालायला लावतात.

पहिल्या अर्ध्या फेरीत ती मंदावते आणि मी पुढे सरकते. ती थांबते, वळते, तोंड माझ्याकडे.

"तुम्ही तिचं तोंड बघायला गेलात."

खरंय. तिचे डोळे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. घाबरली आहे का, रागावली आहे का, हे तोंडावरूनच कळेल असं वाटतं, आणि ते बघायला जाताना मी तिचं दार लावून घेते.

"तोंड सोडा. आतल्या बाजूचा मागचा पाय बघा."

या खेपेला मी तिच्याजवळ जात नाही, मानेवर हातही फिरवत नाही. जागेवरूनच एक पाऊल मागे येते, तिच्या बरगडीच्या रेषेत, आणि वाट बघते. बराच वेळ. तिची पुठ्ठ्याची बाजू सरकते, खांदा बाहेर जातो. ती चालू लागते. मी फक्त मागचा पाय बघते: खूर उठतो, वाळू उडते, पुढच्या पायाच्या ठशात अचूक पडतो. दोर हलका झोळ धरून आहे. काका मधेच म्हणतात, "दुडकी नको, कदमच बरी."

एवढ्यात ती फुर्र करून नाकपुड्या झाडते. तिच्या छातीतली हवा मोकळी झालेली मला दोरातून कळते. दिशा बदलून उजव्या अंगानं तीनच फेऱ्या, त्या बाजूला ती ताठ आहे. सगळं मिळून बारा मिनिटं. काका घड्याळ बघून म्हणतात, गोल फिरण्यानं आतल्या पायांच्या सांध्यांवर भार येतो, म्हणून रिंगण मोठं, वेळ थोडा.

"शेवटची एक, डावीकडून."

वाळूत तिच्या वाटेचा गोल स्पष्ट उमटलाय. फक्त चाबकापाशी तो हातभर आत गेलाय, कुणी अंगठा दाबावा तसा. ती त्या जागी येते. आतला कान माझ्याकडे, बाहेरचा चाबकाकडे. मी मागच्या पायावरची नजर हलवत नाही. खूर उठतो आणि जुन्या ठशांच्या बाहेर, कुंपणाच्या बाजूला, कोऱ्या वाळूत पडतो.