आधी शाळेला विचारा, मग वह्या वाटा

लग्नसराईत आहेरासाठी आपण बेळगाव-निपाणीच्या दुकानांतून ज्या साड्या घेतो, त्यांतल्या कितीतरी सुरतेहून आलेल्या असतात. त्या साड्यांना लागलेले बरेच हात मराठी असतात, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी गेलेली कुटुंबे सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत मोठ्या संख्येने राहतात. त्यांतल्या अनेकांच्या घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती-हिंदी. आपल्याकडे नाही का, स्वयंपाकघरात कन्नड आणि ओसरीवर मराठी? तसेच!

सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत भरतात. जून आला की तिथेही आपल्यासारखीच मंडळे, ट्रस्ट आणि ज्ञातिसंस्था वह्या-दप्तरांचे वाटप करतात. काम चांगलेच आहे. पण देणाऱ्याने थोडा विचार केला, तर तेच दान दुप्पट उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट पुस्तकांची. सुरतेच्या मराठी शाळेत बालभारतीची पुस्तके चालत नाहीत. तिथे गुजरातच्या अभ्यासक्रमाची मराठी पुस्तके असतात. सीमाभागातल्या मराठी शाळेतही कर्नाटक सरकारची मराठी पुस्तकेच लागतात. म्हणजे कोल्हापूरच्या भाच्याचे जुने पुस्तक प्रेमाने दिले, तरी ते मुलाच्या कामाचे नसते. वहीचेही तसेच. पहिलीला चौकटीची वही हवी असते आणि आपण देतो दोनशे पानी एकरेघी!

दुसरी गोष्ट वयाची. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पुढे राज्याराज्यांच्या योजना वेगवेगळ्या. वाटप करणारे मात्र बहुधा लहान मुलांकडेच वळतात. नववी-दहावीला वह्या, कंपासपेटी, परीक्षेची फी असा खर्च वाढतो आणि याच वयात मुलगा कारखान्यात कमावता होऊ शकतो, असा विचार घरात सुरू होतो. तिथे वेळेवर मिळालेला वह्यांचा संच त्याला वर्गात टिकवायला हातभार लावतो.

तिसरी गोष्ट वेळेची. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरत बुडाली, तेव्हा शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते. ऑगस्ट २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा पूर तर आपण सोसलाच आहे. जूनमध्ये दिलेली वही ऑगस्टच्या चिखलात गेली, तर पुन्हा कोण देणार? म्हणून जमलेल्या पैशांतला काही भाग दिवाळीनंतरच्या सत्रासाठी राखून ठेवावा.

आणि शेवटची, सर्वांत नाजूक गोष्ट. मुलाला व्यासपीठावर उभे करून, हातात दप्तर देऊन फोटो काढू नये. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे त्यालाच ठाऊक. सामान मुख्याध्यापकांकडे द्यावे, ते योग्य हाती पोचवतील.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या कुंभोजचे. त्यांचे मूळ घराणे कर्नाटकातील मूडबिद्रीचे, म्हणजे दोन्ही भाषांचा वारसा. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि घराघरांतून मूठ-मूठ धान्य जमवून मुलांना शिकवले. त्या मुष्टिफंडात कुणाची मूठ मोठी, हे कुणी विचारले नाही.

वाचकहो, येत्या मे महिन्यात जवळच्या शाळेत, मराठी असो वा कन्नड, एकदा जाऊन या. गुरुजींना इतकेच विचारा, "काय कमी पडतंय? कितवीला?" त्यांनी दिलेली यादी घेऊन मगच दुकानात जा. पाटीचीला म्हणा की दप्तर, त्यात मुलाला हवे तेच पडले पाहिजे.