पारा उतरला की लांडगा

किशोरवयीन वाचकांसाठीच्या इंग्रजी प्रेमकथांत वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, आता घासून गुळगुळीत झाला आहे. पौर्णिमेची रात्र, फाटणारा शर्ट, गुरगुरणारा देखणा मुलगा आणि ‘तू फक्त माझी’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. या ढिगातून एक पुस्तक मात्र मी मुलामुलींच्या हातात हक्काने ठेवते. मॅगी स्टीव्हाटर या अमेरिकन लेखिकेची २००९ साली आलेली ‘शिव्हर’ ही ती कादंबरी. स्टीव्हाटरने चंद्र बाजूला सारला आणि त्या जागी थर्मामीटर ठेवला. एवढ्या एका बदलाने भयकथेचं सगळं सामान दुःखाच्या कथेकडे वळलं.

कथा घडते अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात, मर्सी फॉल्स नावाच्या काल्पनिक गावात. ग्रेस लहान असताना घरामागच्या झोक्यावरून लांडगे तिला ओढत नेतात आणि त्यांतलाच एक पिवळ्या डोळ्यांचा लांडगा तिला वाचवतो. पुढे दर हिवाळ्यात तो झाडांच्या कडेला उभा राहून तिच्याकडे बघतो आणि ती त्याच्याकडे. सतरा वर्षांच्या ग्रेसच्या शाळेतला एक मुलगा लांडग्यांनी मारल्याची बातमी येते, गावकरी बंदुका घेऊन जंगलात घुसतात आणि त्या दिवशी तिच्या मागच्या दारात रक्ताने माखलेला एक मुलगा पडलेला सापडतो. डोळे तेच, पिवळे. त्याचं नाव सॅम.

सॅमचं शरीर थंडीला शरण जातं. हवा गार झाली की तो लांडगा होतो आणि उन्हाळा आला की पुन्हा माणूस. पण दर वर्षी माणूस होण्यासाठी जास्त ऊब लागते आणि माणूस म्हणून मिळणारे दिवस कमी होत जातात. शेवटी एक उन्हाळा असा येतो की शरीर परत फिरत नाही. त्यानंतर उरतो तो निव्वळ लांडगा. त्याला भाषा नसते, आपलं नावही आठवत नसतं. गोळी लागल्यामुळे सॅम अवेळी माणूस झाला आहे आणि ही आपली शेवटची खेप आहे, हे त्याला ठाऊक आहे. बाहेर शरद ऋतू सुरू झालेला असतो.

प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर निवेदकाचं नाव आहे, कधी ग्रेस तर कधी सॅम, आणि त्याखाली त्या वेळचं तापमान. आकडे फॅरनहाइटमधले आहेत. आपल्या सवयीच्या मापात ३२ म्हणजे शून्य सेल्सियस. सुरुवातीला वाचक या आकड्यांवरून नजर सरकवतो. शंभरेक पानांनंतर मात्र प्रकरण उघडलं की नजर आधी आकड्याकडे जाते आणि तो खाली आलेला दिसला की पोटात गोळा येतो. दार उघडं राहिलं, गाडीचा हीटर बंद पडला, कोट घरी विसरला, अशा रोजच्या गोष्टींतून जिवावरचा प्रसंग उभा राहतो. त्यासाठी लेखिकेला राक्षस आणावा लागत नाही.

मिनेसोटा हे ठिकाण तिने उगीच निवडलेलं नाही. याच राज्याच्या उत्तरेला टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. शिवाय विसाव्या शतकात अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून लांडगा शिकारी, विष आणि सरकारी बक्षिसांनी जवळपास संपवला, तेव्हा तो टिकून राहिला तो मुख्यतः मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या जंगलात. टॉवरजवळच्या ईली गावात आज आंतरराष्ट्रीय लांडगा केंद्र आहे. अंगणाच्या टोकाला लांडगा उभा दिसणं तिकडच्या माणसाच्या अनुभवाबाहेरचं नाही आणि त्याच्यावर बंदूक उचलावी की नाही, हा वाद तिथे अजून चालू आहे. कादंबरीतल्या शिकारीच्या प्रसंगाला ही खरी जमीन आहे.

माणूस लांडगा होण्याची कल्पना युरोपात फार जुनी. ग्रीक पुराणात झ्यूस लायकेऑन राजाला शिक्षा म्हणून लांडगा करतो. १५८९ साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावी पेटर श्टुम्प या माणसाचा, तो लांडगा होऊन माणसं मारतो असा कबुलीजबाब छळ करून घेतला गेला आणि त्याला हाल करून ठार मारलं. या जुन्या कथांत पौर्णिमेची सक्ती फारशी नव्हती. ती पक्की केली हॉलिवूडने, १९३५ ते १९४३ या काळात. त्यातला गाजलेला ‘द वुल्फ मॅन’ हा १९४१ चा चित्रपट लिहिला कर्ट सिओडमाक याने. तो नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेला ज्यू लेखक. एक भला माणूस, त्याची काही चूक नसताना, एका खुणेमुळे शापित ठरतो, ही त्याची गोष्ट कुठून आली असेल हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे आधी पाप, मग शाप. स्टीव्हाटरकडे दोन्ही नाहीत, तिच्याकडे आजार आहे. चाव्यातून संसर्ग होतो, तो वर्षानुवर्षं वाढत जातो, त्याला ठरलेला शेवट आहे आणि उपाय शोधणारी मुलं ताप, रक्त, मेंदूज्वर अशा भाषेत बोलतात. ग्रेसलाही चावा बसला होता, मग ती कधीच का बदलली नाही, या कोड्याचा धागा तापापर्यंत जातो. उपचार सापडतो, पण तो आजाराइतकाच जीवघेणा आहे. कोण वाचतं ते इथे सांगत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की जिवंत माणूस डोळ्यांसमोर हळूहळू नाहीसा होतो आणि शेवटी आपल्याला ओळखेनासा होतो, हे दुःख या पुस्तकाने सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला समजेल अशा रूपात मांडलं. घरात स्मृतिभ्रंश झालेली आजी असलेल्या मुलाला सॅमची भीती कुणी समजावून द्यावी लागत नाही.

कळपाबद्दलही लेखिकेची समज बरी आहे. या प्रकारच्या बहुतेक कादंबऱ्या ‘अल्फा’ नरावर उभ्या असतात: जो सगळ्यांना दाबतो तो नायक आणि त्याने निवडलेली मुलगी ती नायिका. या कल्पनेमागे रुडॉल्फ शेंकेल यांचा १९४७ चा अभ्यास आहे आणि तो प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा होता. डेव्हिड मेक या शास्त्रज्ञांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकाने ‘अल्फा’ घराघरांत पोचवला. पुढे त्याच मेक यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. पिल्लं साधारण एक ते तीन वर्षांची झाली की आपला जोडीदार शोधायला घर सोडतात. पुणे-सोलापूरकडच्या माळरानांवरचा आपला लांडगाही असाच लहान कुटुंबात राहतो. ‘शिव्हर’च्या कळपातही वरचा-खालचा आहेच, पण त्याच्या केंद्रात बेक नावाचा पालक आहे. सॅम लांडगा होतो हे पाहून त्याच्या आईवडिलांनी त्याला मारायचा प्रयत्न केला होता. मनगटांवरचे व्रण त्याची साक्ष देतात. त्या मुलाला बेक वाढवतो, पुस्तकं देतो. हाच बेक कळप टिकवण्यासाठी नवी तरुण मुलं चावून आणतो. प्रेमळ माणूसही दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय परस्पर घेतो, हे सॅमला उमगतं ती पानं मला प्रेमप्रसंगांपेक्षा सरस वाटतात.

स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेशी तुलना टाळता येत नाही. ‘शिव्हर’ला वाचक मिळाले ते त्याच लाटेवर. ती मालिका सुरू झाली २००५ साली. तिच्यातले लांडगे वॉशिंग्टन राज्यातल्या ला पुश इथे खरोखर राहणाऱ्या क्विल्यूट या आदिवासी समाजातले दाखवले आहेत. या समाजाची, आपण लांडग्यांपासून माणसं झालो, अशी स्वतःची उत्पत्तिकथा आहे. कादंबरीने तिच्यावर व्हॅम्पायरांशी वैर वगैरे चढवलं. बाजारात वस्तू विकल्या गेल्या, समाजाच्या हाती फारसं काही लागलं नाही. शेवटी सिॲटलच्या बर्क संग्रहालयासोबत त्यांना आपली खरी माहिती लोकांपुढे मांडावी लागली. शिवाय त्या मालिकेतल्या लांडग्याचं प्रेम नशिबाने जडतं. २००८ च्या शेवटच्या भागात तर ते नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर जडतं. हे मला कधीच पटलं नाही. ग्रेस आणि सॅम एकमेकांना निवडतात आणि ग्रेस स्वतः निर्णय घेते.

उणिवा आहेत. मधली शंभर पानं रेंगाळतात. सॅम कविता आणि गाणी जरा जास्तच करतो. ग्रेसचे आईवडील इतके बेफिकीर आहेत की सॅम त्यांच्या घरात तिच्या खोलीत राहतो आणि त्यांना पत्ता लागत नाही. नेमकी हीच पानं वाचून आपल्याकडचे पालक पुस्तक कपाटात टाकतील. तसं करू नका. ते पालक लेखिकेने कौतुकाने रंगवलेले नाहीत. स्वयंपाक, बिलं, एकटेपण सगळं मुलीवर टाकून ते मोकळे झालेत आणि तिचा राग पानोपानी दिसतो. चौदा-पंधराच्या पुढची मुलगी किंवा मुलगा हे पुस्तक मागत असेल तर द्या. तुम्हीही वाचा. मग बेकने केलं ते बरोबर की चूक, हे त्यांना विचारा आणि ते बोलत असताना मध्ये बोलू नका. पुढचे ‘लिंगर’ (२०१०) आणि ‘फॉरेव्हर’ (२०११) हे भाग पहिल्याइतके घट्ट नाहीत. पहिला भाग मात्र एकटाही पुरतो.