बेंजो : एका हौशी वाद्याची कथा

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, याची मला कल्पना आहे. बेंजो म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने हलवणारा गोंगाट. त्याच्यावर व्याख्यान ते कसले, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. परंतु लालबाग, परळ, गिरगाव, दादर या आपल्या भागांत ज्या वाद्याने शेकडो तरुणांना स्वरज्ञान दिले, त्याची साधी ओळखही आपल्याला असू नये, हे काही भूषणावह नव्हे. तेव्हा हे वाद्य आले कोठून, वाजते कसे, आणि ते टिकावे की जावे, या तीन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. पाश्चात्त्यांचा बेंजो निराळा. गोल, कातड्याने मढवलेला, लांब दांडीचा तो बेंजो अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन लोकांनी घडवला. आपल्या बेंजोला ना कातडे, ना दांडी. तो एक लांबट लाकडी पेटीसारखा असतो. पेटीवर लांबीच्या दिशेने पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्यावर टंकलेखन यंत्रासारख्या बटणांची रांग असते. डाव्या हाताने बटण दाबले की खालची पट्टी तारेवर टेकते, आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडली की त्या जागेचा स्वर निघतो. काही तारा बटणांखाली येतच नाहीत. त्या बाजूला राहून एकच स्वर धरून ठेवतात. म्हणजे तंबोऱ्याचे काम त्याच पेटीत होते.

हे वाद्य मूळचे जपानचे. नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या वादकाने १९१२ साली ते तयार केले. जपानात तारांचे पारंपरिक वाद्य होतेच, पण ते शिकायला वर्षे लागत. टंकलेखन यंत्राची बटणे त्या तारांवर बसवली तर घरातल्या कोणालाही चार दिवसांत एखादे गाणे वाजवता येईल, ही मोरिताची कल्पना. त्याच वर्षी जपानात तैशो हे राजपर्व सुरू झाले होते, म्हणून वाद्याचे नाव पडले तैशोगोतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात स्वस्त जपानी माल जगभर जात होता, त्यात हेही वाद्य निघाले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ते तेथल्या तआरब गाण्यांत शिरले, इंडोनेशियातल्या बाली बेटावर गेले, बलुचिस्तानात त्याचे नाव बेंजू झाले. हिंदुस्थानात त्याला बुलबुल तरंग असे गोड नाव मिळाले आणि मुंबईच्या रस्त्यावर येता येता त्याचा बेंजो झाला.

अशी कथा एकट्या बेंजोचीच आहे असे नव्हे. हल्ली आपल्याकडेही तरुण मुलांच्या हाती युकुलेले नावाचे चार तारांचे चिमुकले वाद्य दिसते. ते हवाई बेटांचे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण हवाईत ते आले पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून. २३ ऑगस्ट १८७९ रोजी रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज चारशेहून अधिक मदेराकरांना घेऊन होनोलुलूच्या बंदराला लागले. ही माणसे उसाच्या मळ्यांत मजुरी करायला आली होती. त्यांत मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो असे तीन सुतार होते. मळ्याचा करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकाने थाटली आणि आपल्या गावची लहान गिटार तेथल्या कोआ नावाच्या लाकडात घडवली. बोटे इतकी चपळ फिरतात म्हणून हवाईच्या लोकांनी तिला ‘उडी मारणारी पिसू’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात ती अमेरिकेने ऐकली आणि मग जगभर हौशी लोक तिला वाजवू आणि स्वतःच्या हाताने बनवूही लागले. मजुरांच्या वस्तीत, मजुरांच्या हातून एखादे परके वाद्य आपलेसे होते, हा जो नियम तेथे दिसतो तोच आपल्या गिरणगावात दिसतो.

कोकणातून, घाटावरून माणसे गिरण्यांत कामाला आली तेव्हा येताना आपले गाणेही घेऊन आली. भजन, जाखडी, शाहिरी, खालू बाजा हे सारे चाळींच्या चौकात नांदत होते. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, १९२८ साली लालबागच्या गणेश गल्लीत आणि १९३४ साली लालबागच्या बाजारात. गणपती आला की मिरवणूक आली, आणि मिरवणुकीला सूर हवा. सनई वाजवायला गुरू हवा, दमसास हवा, घराण्याची परंपरा हवी. हार्मोनियम गळ्यात अडकवून चालणे अवघड. बेंजोला यातले काहीच अडत नव्हते. दिवसा नोकरी करणारा मुलगा संध्याकाळी चाळीच्या सज्जात बसून कानाने ऐकलेले गाणे बटणांवर शोधू शकत होता. पुढे ढोलकी, ताशा, ढोल आणि मागाहून आलेले तऱ्हेतऱ्हेचे ड्रम यांची साथ मिळाली आणि बेंजो पार्टी उभी राहिली. गणपती, गोविंदा, नवरात्र, हळदी, लग्न अशा सुपाऱ्या घेणाऱ्या या पार्ट्यांतले बहुतेक वादक वर्षभर दुसराच व्यवसाय करतात. त्यांचे जग इतके जिवंत आहे की २०१६ साली रवी जाधव यांनी ‘बेंजो’ या नावाचा हिंदी चित्रपटच काढला.

आता वाद्य घडवण्याकडे वळू, कारण हौशी माणसाची खरी परीक्षा तेथे होते. बुलबुल तरंग बाजारात मिळतो; पण जो वादक मनापासून वाजवतो तो लवकरच ती पेटी उघडतो. एखादे बटण बेसूर आहे असे त्याला जाणवते. असे का व्हावे? तार जितकी आखूड, तितका स्वर उंच. संपूर्ण तार निम्मी केली की वरचा सा मिळतो, आणि या दोन सांच्या मध्ये बारा पायऱ्या बसवायच्या असतात. गॅलिलिओचे वडील विंचेन्झो गॅलिलेई हे स्वतः वादक होते. वाद्यावर पडदे बसवण्याची एक सोपी युक्ती त्यांनी १५८१ साली ग्रंथात नोंदवली : तारेचा अठरावा हिस्सा सोडून पहिली खूण करावी, उरलेल्या तारेचा पुन्हा अठरावा हिस्सा सोडून दुसरी, असे करत जावे.

आपण ५४ सेंटिमीटरची तार घेऊन हिशेब करून पाहू. पहिली खूण येते बरोबर ३ सेंटिमीटरवर. पण बाराव्या पायरीला तार २७ सेंटिमीटर उरायला हवी, ती उरते २७.२. दोन मिलिमीटरची ही चूक! तेवढ्याने वरचा सा किंचित उतरलेला लागतो. बिनचूक भागाकार अठराने नव्हे, १७.८१७ ने करायचा असतो. गंमत अशी की बटण दाबले की तार थोडी ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. म्हणजे अठराच्या नियमाचा उतार आणि दाबाचा चढ एकमेकांना काही अंशी सावरून घेतात. किती सावरतात हे तारेची जाडी, तिचा ताण आणि बटणाची उंची यांवर अवलंबून. ते कागदावर पूर्णपणे सुटत नाही. घोडी सुताभर सरकवून, बटणाखालची पट्टी कानशीने घासून, पुन्हा पुन्हा ऐकूनच ते जमते. ज्याने हे एकदा केले, त्याला स्वर म्हणजे काय हे पुस्तकावाचून कळले, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी सुधारणा विजेची. तारवाद्याचा आवाज ढोलापुढे टिकत नाही. यावर उपाय म्हणजे तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे ठेवणे. पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते आणि ती वाढवून कर्ण्यात सोडता येते. बाजारात यशस्वी झालेले या जातीचे पहिले वाद्य १९३२ साली अमेरिकेत विक्रीस आले, आणि तेही मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे हवाईयन गिटार होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ले यांनी ही विजेची गिटार घराघरांत पोचवली. तेच तत्त्व वापरून बेंजोच्या पेटीत पिकअप बसला आणि पेटीतले हे घरगुती वाद्य रस्त्यावर उतरले.

यावर जाणकार एक आक्षेप घेतात, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. बेंजोत मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे हा आपल्या संगीताचा प्राण. बटणांच्या वाद्यात तो कोठून येणार? आक्षेप खरा आहे. पण हाच आक्षेप हार्मोनियमवर घेतला गेला. १८४२ साली पॅरिसमध्ये पेटंट झालेल्या या वाद्याला आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे दाराबाहेर ठेवले; आणि त्याच वाद्यावर गोविंदराव टेंब्यांनी महाराष्ट्राला डोलवले होते. १९५५ साली मुंबईत शिवकुमार शर्मा यांनी संतूर वाजवले तेव्हाही मींडीचाच प्रश्न निघाला. त्यांनी वाद्य बदलले, तंत्र बदलले आणि संतूर मैफिलीत बसले. बेंजोवादकही काही स्वस्थ बसलेला नाही. छेडलेल्या तारेचा नाद चटकन विरतो, म्हणून तो नखी अतिशय जलद फिरवून स्वर सलग ठेवतो. कोळीगीताची लय, आरतीचा ठेका त्या बटणांतून ओळखीचा होऊन येतो. मैफिलीचा दर्जा त्याला मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण न ऐकताच तो नाकारणे न्यायाचे होणार नाही.

तेव्हा बेंजोला खरा धोका जाणकारांच्या आक्षेपाचा नाही. धोका आहे आवाजाचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. ही मोजपट्टी सरळ चढत नाही. दहा अंक वाढले की ध्वनीची शक्ती दसपट होते. म्हणजे ९५ डेसिबलचा आवाज ५५ च्या दहा हजार पट शक्तीचा. अशा आवाजात तान्हे मूल, आजारी माणूस आणि अभ्यास करणारा विद्यार्थी यांचे काय होते हे या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. पण त्या आवाजात बेंजोचेही काय होते, हे आपण लक्षात घेतले आहे काय? कर्ण्यांच्या भिंतीपुढे दोन मिलिमीटरचा तो फरक कोणाच्याच कानाला लागत नाही. मग घोडी सरकवण्याचे, पट्टी घासण्याचे कारणच उरत नाही. सुराची पारख गेली की बेंजोच्या जागी ध्वनिमुद्रित गाणे लावले तरी चालते. आणि तसे ते लावलेही जाते. म्हणून मी म्हणतो की आवाजावरची मर्यादा ही बेंजोची वैरीण नाही; ती पाळली तर वाचेल तो बेंजोच.

दुसरी अडचण जागेची. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, चाळी पाडल्या जात आहेत. सज्जा आणि चौक गेला की संध्याकाळी शेजाऱ्याच्या देखत चुकत-माकत शिकण्याची जागाही गेली. बंद दारामागच्या खोलीत वाद्य शिकता येईल, पण पार्टी उभी राहत नाही.

यावर आपण करण्यासारखे काय आहे? दोन गोष्टी सुचवतो. ज्यांनी आपल्या हाताने बेंजो घडवले, दुरुस्त केले, त्यांची मापे, तारांचे क्रमांक, बटणांच्या जागा कोणीतरी वहीत उतरवून घ्याव्यात. कारण हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे आणि बोटांबरोबरच ते जाईल. आणि अशाच एखाद्या सभागृहात, कर्ण्यावाचून, एक ढोलकी आणि एक बेंजो यांना अर्धा तास द्यावा. रस्त्यावर आपण त्यांना वर्षानुवर्षे सोसले आहे. श्रोतेहो, एकदा त्यांना ऐकून तरी पाहू.