रेशनमुळे मजूर आळशी झाले?

‘रेशन फुकट झालं आणि मजूर मिळेनासा झाला’ हे वाक्य एकेकाळी सुगीत ऐकू यायचं, आता बारमाही झालं आहे. ते इतक्या ठामपणे बोललं जातं की हिशोब मांडायची गरज कुणाला वाटत नाही. मांडून पाहू. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला 170 ग्रॅमसुद्धा नाही. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. त्याआधी तांदूळ 3 रुपये आणि गहू 2 रुपये किलो होता. म्हणजे फुकट झाल्याने माणशी महिन्याला फार तर 15 रुपये वाचले, पाच माणसांच्या घरात 75. करोनाकाळात मिळणारं जादाचं 5 किलो धान्य तर तेव्हाच बंद झालं. तेल, डाळ, गॅस, पोरांच्या वह्या, दवाखाना हे सगळं या 75 रुपयांत भागवून माणूस दिवसभर पारावर बसतो, असं मानायचं असेल तर आपण त्याला अर्थमंत्री करायला हवं!

‘मग शेतावर माणसं का मिळत नाहीत?’ प्रश्न खरा आहे. सोयाबीन काढणीला साऱ्या गावाला एकाच आठवड्यात माणसं हवी असतात. तरुण पोरं बांधकामावर आणि एमआयडीसीत जातात, कारण तिथे काम महिनाभर असतं. आणि हो, घरात दोन पायल्या धान्य असलेली बाई पडेल त्या मजुरीला होकार देत नाही. यात आळस कुठे आला? ‘मजूर मिळत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा ‘मी देतो त्या पैशांत’ हे शब्द गाळलेले असतात. काम मिळतंय म्हटल्यावर गरीब माणूस काय करतो, हे महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात पाहिलं आहे. भर उन्हात खडी फोडायला लाखो लोक आले, त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला आणि शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय कराने त्याला पैसा पुरवला. त्या दुष्काळाला आता पन्नास वर्षं झाली, लोक बदलले, असं कुणी म्हणेल. तर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, इंडोनेशिया, मोरोक्कोसह सहा देशांतल्या रोख मदतीच्या सात योजनांचे निष्कर्ष तपासले आणि 2017 मध्ये प्रसिद्ध केले. मदत मिळाल्याने लोकांनी काम कमी केलं, असा सातत्याने दिसणारा पुरावा त्यांना सापडला नाही.

संजय गांधी निराधार योजनेवर तर हा आरोप लागूच होत नाही. ती विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी आणि अनाथ यांच्यासाठी आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांनी निराधार ठरण्यासाठी वार्षिक 21 हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला आणायचा, म्हणजे महिन्याला 1750 रुपये. 2023 मध्ये अनुदान दीड हजार झालं, दिवसाला 50 रुपये. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्या माणसामागे केंद्राचा वाटा तर अजूनही 200 रुपयेच आहे. एवढ्याने जो आळशी होईल तो मुळात काम करण्याच्या स्थितीत तरी होता का, हे आधी विचारावं. बोगस लाभार्थी असतात, मान्य. लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीत सरकारी नोकरीतल्या महिलाही निघाल्या. पण ती चूक अर्ज तपासणाऱ्यांची आणि निवडणुकीच्या घाईची. तिची शिक्षा दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या विधवेला का? तिजोरीला कोणती योजना झेपते, यावर जरूर भांडावं, ते भांडण रास्त आहे.

बाकीचे गैरसमज झटपट उरकता येतील. ‘हे सगळं आमच्या टॅक्सवर’: साबणापासून चपलेपर्यंत बहुतेक खरेदीवर जीएसटी निराधार बाईही भरते. ‘पैसे दारूत जातात’: डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा या संशोधकांनी रोख मदतीवरचे 19 अभ्यास एकत्र तपासले, दारू-तंबाखूवरचा खर्च एकूणात वाढलेला दिसला नाही. ‘ठरावीक जातींनाच मिळतं’: निराधार योजना आणि रेशन, दोन्हींत जातीची अट नाही. ‘एकदा नाव लागलं की जन्मभर बघायला नको’: निराधार लाभार्थ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की अनुदान थांबतं.